कार कंपनी बुडते तेव्हा युनियन काय करते? कुर्ल्यापासून तळेगावपर्यंतचा हिशोब, कामगाराच्या घराने वाचावा असा

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) : नीरा-बारामती रस्त्यावरच्या गावांत लग्नाची बोलणी सुरू झाली की शेती किती, पाणी कुठलं, हे विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पोरगं कंपनीला आहे म्हणता, पण परमनंट आहे का?" बारामती एमआयडीसी, चाकण, रांजणगाव, तळेगाव. आपल्या भागातली पोरं या सगळ्या ठिकाणी गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग तयार करतात. त्या पगारावर घर बांधलं जातं, सोसायटीचं कर्ज फिटतं, धाकट्या भावाचं शिक्षण होतं.

मग एक दिवस बातमी येते, अमुक कंपनी बंद पडली. गावात लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, "युनियनवाल्यांनी कंपनी खाल्ली." दुसरी म्हणते, "मालकानं माल कमावला आणि पळाला." दोन्ही बोलणी पारावर सोपी वाटतात. पण महाराष्ट्रातल्या वाहन कंपन्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर गोष्ट वेगळी दिसते. कंपनी बहुतेक वेळा बाजारात बुडते. मात्र बुडताना कामगाराच्या हातात काय उरतं, यात युनियनचा वाटा फार मोठा असतो. म्हणून कंपनी नीट चालू असतानाच हे समजून घेतलेलं बरं.

वालचंदनगरचे शेठ आणि कुर्ल्याची गाडी

शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर सगळ्यांना माहीत आहे. कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तिथं जोडल्या जायच्या. नंतर इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी आली. पुढे तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक वर्षं जी गाडी आपण पाहिली, ती हीच.

त्या काळी गाडी बनवायला सरकारचं लायसन्स लागायचं. बाजारात मुख्य गाड्या दोनच, कोलकात्याची अँबेसेडर आणि कुर्ल्याची पद्मिनी. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचं. अशा वेळी कंपनीला तोटा व्हायचं फारसं कारण नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी डॉ. दत्ता सामंत यांच्या युनियनने प्रीमियरमध्ये मोठी पगारवाढ मिळवली. त्या वाढीचा मुंबईभर बोलबाला झाला आणि बाकीच्या कारखान्यांतले कामगारही सामंतांकडे वळले. कंपनीने वाढ दिली, कारण गाडी जी किंमत लावेल त्या किमतीला खपत होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि सगळं बदललं. गाडी हलकी, पेट्रोल कमी खाणारी आणि जपानी तंत्राची. कुर्ल्यातून मात्र १९६० च्या दशकातलाच साचा बाहेर पडत राहिला. १९८५ साली कंपनीने ११८ एनई ही नवी गाडी काढली, पण मारुतीपुढे ती टिकली नाही. १९९३ साली मोटारींचं लायसन्स गेलं आणि परदेशी कंपन्यांना दार उघडलं.

प्रीमियरने मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी केली. कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली. ही गाडी युरोपात १९८५ साली आली होती आणि १९९३ साली बंदही झाली होती. म्हणजे त्यांच्याकडं बंद पडलेला साचा इथं नवा म्हणून आला. तेवढ्यात कल्याणच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापनाचा वाद पेटला. १९९७ साली प्यूजो भागीदारी सोडून गेली. पुढं पद्मिनीही थांबली. कंपनीने नंतर चिंचवडला मशिनरी बनवली, २००९ साली रिओ नावाची छोटी जीप काढून पाहिली. शेवटी २०२१ साली प्रीमियर दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

आता विचारायचं ते एवढंच, की कंपनी कशानं गेली? कल्याणच्या भांडणाने घाव बसला, यात शंका नाही. ज्या काळात गाडी वेळेवर गिऱ्हाईकाच्या दारात जायला हवी होती, त्याच काळात काम अडलं. पण दहा-पंधरा वर्षं नवी गाडी न काढण्याचा निर्णय कामगारांनी घेतला नव्हता. रोग जुना होता, वाद त्याच्यावरचा ताप होता.

पगारामुळे गाडी महाग होते का?

यासाठी आकडा बघावा लागतो. देशातली सगळ्यात मोठी कार कंपनी मारुती सुझुकी. तिच्या अलीकडच्या ताळेबंदांत कामगार आणि सगळ्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च विक्रीच्या साधारण चार टक्के दिसतो. सुटे भाग आणि कच्चा माल मात्र सत्तर टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे कंपनीने शंभर रुपयांची गाडी विकली तर पगारापोटी साधारण चार रुपये जातात.

कंपनी लहान असेल, खप कमी असेल, तर हेच प्रमाण वाढतं. ते का, हे ऊस घालणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. साखर कारखान्याची गाळप क्षमता मोठी आणि हंगामात ऊस निम्माच आला, तर काय होतं? बॉयलर तोच, कामगार तेच, कर्जाचं व्याज तेच. साखरेची पोती मात्र कमी. मग प्रत्येक पोत्यावरचा खर्च वाढतो आणि कारखाना तोट्यात जातो. तेव्हा कोणी म्हणत नाही की कामगारांच्या पगाराने कारखाना बुडाला. खरा प्रश्न ऊस का आला नाही, हा असतो.

कार कंपनीचंही तसंच. जमीन, प्रेस शॉप, पेंट शॉप, रोबोट यांच्यावर आधीच पैसे घातलेले असतात. लाईन पूर्ण चालली तर तो खर्च लाख गाड्यांवर वाटला जातो. पाव क्षमतेवर चालली तर त्याच खर्चाचा भार एकेका गाडीवर चौपट पडतो. अशा वेळी पगार निम्मा केला तरी कंपनी वाचत नाही, कारण भोक दुसरीकडेच असतं.

टेल्को : संपात तगली, मंदीत अडकली

याचा पुरावा पुण्यातच आहे. १९८८-८९ साली पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, राजन नायर यांच्या टेल्को कामगार संघटनेचा मोठा लढा झाला. रतन टाटा नुकतेच अध्यक्ष झाले होते. सप्टेंबर १९८९ मध्ये कंपनीने दुसऱ्या युनियनशी पगाराचा करार केला. नायर यांच्या बाजूचे हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. २९ सप्टेंबरच्या रात्री पोलिसांनी कारवाई करून त्यांना उचललं आणि लढा मोडला. कामगार हरले, दोन गट पडले, पण कंपनी बुडाली नाही. त्यावेळी तिच्या ट्रकना मागणी होती.

त्यानंतर बारा वर्षांनी, २०००-०१ साली, त्याच टेल्कोला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. देशातल्या कंपन्यांच्या इतिहासातला तो तोवरचा सगळ्यात मोठा तोटा म्हणून गाजला. त्या वर्षी शनिवारवाड्यासारखा कोणताही लढा नव्हता. ट्रकचा बाजार पडला होता आणि इंडिका गाडीसाठी मोठा पैसा घातला होता. पुढं सुट्या भागांचा खर्च कमी केला, स्वेच्छानिवृत्ती देऊन माणसं कमी केली, ट्रकची मागणी परत आली आणि २००२-०३ मध्ये कंपनी ३०० कोटींच्या नफ्यात आली.

एकाच कंपनीच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर सरळ दिसतं. मोठा संप झाला तेव्हा कंपनी उभी राहिली, आणि संप नसताना ती आडवी पडायच्या बेतात आली. स्वेच्छानिवृत्तीत किती पैसे मिळाले, कोणाला आधी जावं लागलं, हा प्रश्न मात्र कामगाराचा होता आणि तो वाटाघाटीत सुटणारा होता.

चाकणचे पन्नास दिवस

युनियनचंही चुकतं. २०१३ साली चाकणच्या बजाज ऑटोत २५ जूनला काम बंद झालं. पगाराच्या कराराबरोबर कामगारांना एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्यावेत, अशी मागणी होती. मागणी ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागचा विचार साधा होता. नफा वाढतो तेव्हा आमचा वाटा कुठंय?

पण वेळ चुकली. त्या वर्षी गाड्यांचा बाजार थंड होता आणि कंपनीकडे वाळूज व पंतनगरचे कारखाने होते. चाकणचं काम कंपनीने वाळूजला वळवलं. पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यात, पदरात काही न पडता संप मागे घ्यावा लागला. इथं शेतकऱ्याला कळेल अशी एकच गोष्ट आहे. बाजारात आवक भरपूर असताना माल अडवून धरला तर भाव मिळत नाही. कंपनीला गाड्यांची घाई असते तेव्हा कामगाराचा हात वर असतो, गोदामं भरलेली असताना तो वर राहत नाही.

तळेगाव : गाडी थांबली, कामगार दारात

आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात जवळचं आणि ताजं उदाहरण तळेगावच्या जनरल मोटर्सचं. २००८ साली हा कारखाना सुरू झाला. शेवरोले बीट ही छोटी गाडी इथलीच. पण देशात कंपनीचा जम बसला नाही. २०१६-१७ या वर्षात जनरल मोटर्सने भारतात सुमारे २६ हजार गाड्या विकल्या, तर परदेशात सुमारे ७१ हजार पाठवल्या. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद करायचं जाहीर केलं. गुजरातमधला हालोलचा कारखाना बंद झाला आणि तळेगाव फक्त निर्यातीसाठी चालू राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये तीही लाईन थांबली.

जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घ्यायचा करार केला होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी परवानगी घ्यायची अट घातली. परवानगी आली नाही आणि २०२२ साली तो करार संपला. कारखाना बंद, गिऱ्हाईक नाही आणि कामगार मधल्या मधे लटकले. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १४१९ कामगारांना ले-ऑफ दिला. कामगारांच्या युनियनने बंदला विरोध केला, सरकारकडे आणि कोर्टात लढली. कंपनीने पैसे देऊन सोडायची ऑफर ठेवली होती. काहींनी ती घेतली, बरेच जण नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला पैसे नकोत, काम द्या. नवा मालक येईल त्याने आम्हाला घ्यावं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगावचा कारखाना घ्यायचा करार केला. पण तो करार जमीन, इमारती आणि काही मशिनरीपुरता होता. कामगार त्यात नव्हते. युनियनने त्यानंतरही उपोषण, आंदोलनं केली.

इथं कायद्यातली एक गोम आहे आणि ती प्रत्येक कामगाराला माहीत पाहिजे. नवा मालक अख्खी कंपनी घेतो तेव्हा कामगार तिच्याबरोबर जातो. पण तो फक्त जागा आणि यंत्रं घेतो तेव्हा कामगार आपोआप त्याच्याकडे जात नाही. शेत विकत घेणारा तुमचा सालगडी ठेवेलच असं नाही, तसंच हे.

साणंदला वेगळं काय झालं?

गुजरातमध्ये साणंदला फोर्ड कंपनीचा कारखाना बंद होणार होता. टाटा मोटर्सच्या कंपनीने तो सुमारे ७२६ कोटी रुपयांना घेतला. करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. या करारात जमीन, इमारत आणि मशिनरीबरोबर गाडी कारखान्यातल्या पात्र कामगारांना घेण्याची अट लिहिलेली होती. राज्य सरकार, फोर्ड आणि टाटा यांच्यात आधीच समजुतीचा कागद झाला होता.

दोन्हीकडे परदेशी कंपनी भारत सोडत होती आणि दोन्हीकडे विकत घेणारा मिळाला. साणंदला घेणाऱ्याला तयार लाईन लगेच चालवायची होती, त्यामुळे कामगार त्याच्या कामाचे होते. तळेगावला लाईन बंद होऊन अडीच वर्षं गेली होती. नुसत्या कामगाराच्या नशिबावर हे सोडून चालत नाही. विक्रीच्या कागदात कामगारांचं कलम घालून घ्यायचं, तर ते सही व्हायच्या आधीच घालावं लागतं. त्यासाठी युनियन त्या टेबलाजवळ पाहिजे आणि सरकारवर दबाव टाकणारं कोणीतरी पाहिजे.

अमेरिका आणि जर्मनीत

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जून २००९ मध्ये हीच जनरल मोटर्स अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. तिथल्या युनियनने बऱ्याच सवलती सोडल्या. निवृत्त कामगारांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी जो ट्रस्ट होता, त्याला रोख पैशाच्या बदल्यात नव्या कंपनीचे साडेसतरा टक्के शेअर मिळाले. नव्याने येणाऱ्या कामगाराला जुन्यापेक्षा बराच कमी पगार, अशीही तडजोड झाली. एकाच लाईनवर एकच काम आणि पगार मात्र दोन, यावरून तिथं पुढं वर्षानुवर्षं नाराजी राहिली.

जर्मनीत फोक्सवॅगनच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना असतात. २०२४ साली कंपनी अडचणीत आली आणि कारखाने बंद करायची भाषा सुरू झाली. डिसेंबरमध्ये करार झाला. कारखाने लगेच बंद होणार नाहीत, २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी होतील, पण जबरदस्तीने कोणाला काढायचं नाही. नोकऱ्या तिथंही जाणार आहेत. पण कशा जाणार, हे कामगारांना विचारून ठरलं.

कायदा किती देतो? एक हिशोब

आता घरातल्या हिशोबावर येऊ. समजा, एका परमनंट कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २० हजार रुपये आहे आणि त्याची १२ वर्षं भरली आहेत. कंपनी कायद्याने बंद झाली तर त्याला ठरलेल्या या गोष्टी मिळतात.

- बंदची भरपाई : दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १० हजार गुणिले १२, म्हणजे साधारण १ लाख २० हजार.
- ग्रॅच्युइटी : पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. म्हणजे सुमारे १ लाख ३८ हजार.
- दोन्ही मिळून साधारण २ लाख ५८ हजार.
- पीएफची जमा रक्कम याशिवाय, ती कामगाराचीच असते.

म्हणजे बारा वर्षांच्या कामाचा कायद्याने मिळणारा मोबदला साधारण तेरा महिन्यांच्या पगाराएवढा होतो. एक छोटं घरकर्जसुद्धा यात फिटत नाही. यापेक्षा जे जास्त मिळतं, मग ती स्वेच्छानिवृत्तीची मोठी रक्कम असो, दुसऱ्या कारखान्यात बदली असो किंवा मुलाला काम असो, ते कायद्यातून येत नाही. ते मागून, बसून, भांडून घ्यावं लागतं. युनियनचं खरं काम इथं आहे.

ले-ऑफमध्ये, म्हणजे काम नाही पण नोकरी आहे अशा काळात, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. पगाराच्या चिठ्ठीत मूळ पगार कमी आणि बाकी भत्ते जास्त असतील, तर हे सगळे आकडे खाली येतात. म्हणून कंपनी चांगली चालू असताना चिठ्ठी नीट वाचायला शिकलं पाहिजे.

नवे कामगार कायदे काय सांगतात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वाहन कामगाराला लागणाऱ्या काही गोष्टी अशा :

- आधी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागायची. आता ही मर्यादा ३०० झाली आहे. सुटे भाग बनवणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या त्यामुळे परवानगीच्या बाहेर गेल्या.
- परवानगी लागणाऱ्या कंपनीने ९० दिवस आधी अर्ज करायचा. सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे युनियनला म्हणणं मांडायला हाच काळ आहे.
- संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी सुट्टी टाकली तर तोही संपच धरला जातो.
- ५१ टक्के कामगार ज्या युनियनमध्ये, ती बोलणी करणारी युनियन. एका कारखान्यात तीन-तीन झेंडे असतील तर नुकसान कोणाचं, हे वेगळं सांगायला नको.
- पगाराच्या व्याख्येत भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम पगारात धरायची. याने ग्रॅच्युइटीचा आकडा वाढू शकतो.
- ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर

कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली की कामगाराला वाटतं, आता कोर्टच बघेल. तसं होत नाही. दावा करावा लागतो. कंपनीची जबाबदारी घेणारा अधिकारी जाहीर सूचना काढतो, त्यात तारीख दिलेली असते. कामगाराने एकट्याने फॉर्म डी भरायचा, किंवा सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधीने फॉर्म ई भरायचा. सोबत पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीचं पत्र, हजेरीचा पुरावा जोडावा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ज्यूट गिरणीच्या खटल्यात सांगितलं, की युनियनही कामगारांच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीचा अर्ज करू शकते.

कंपनी मोडीत काढली गेली तर आधी त्या प्रक्रियेचा खर्च वजा होतो. त्यानंतर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण घेतलेल्या बँकांचं कर्ज एकाच पायरीवर येतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा या वाटणीच्या बाहेर ठेवला जातो. म्हणजे हक्क आहे, पण कागद ज्याच्याकडे असेल त्याला.

कंत्राटी पोरांचं काय?

सगळ्यात कच्चा धागा हा आहे. वाहन कारखान्यात परमनंट कामगाराच्या शेजारी ठेकेदाराचा कामगार, शिकाऊ, ट्रेनी उभा असतो. काम तेच, पगार वेगळा. लाईन थांबली की पहिला तोच घरी जातो, तो बातमीतही येत नाही. तळेगावचा १४१९ हा आकडा ले-ऑफ दिलेल्या परमनंट कामगारांचा आहे.

युनियनने या पोरांना बाहेर ठेवलं तर दोघांचंही नुकसान होतं. परमनंटवाले संपावर गेले की कंपनी कंत्राटी पोरांवर लाईन चालवते आणि संप तिथंच अर्धा मोडतो. कंत्राटी कामगाराने स्वतः एवढं तरी करावं : पीएफ खात्यात दर महिन्याला रक्कम जमा होते का ते मोबाईलवर बघावं, गेटपास आणि चिठ्ठ्यांचे फोटो जपून ठेवावेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनी तो द्यायला बांधील असते, हे लक्षात ठेवावं.

घरच्यांनी कोणत्या खुणा बघाव्यात?

कंपनी एका रात्रीत बंद पडत नाही. ढग आधी दिसतात.

- दोन-तीन वर्षं कारखान्यात नवं मॉडेल आलं नाही.
- शिफ्ट तीनवरून दोन, दोनवरून एक झाली.
- "सक्तीची सुट्टी" वारंवार येऊ लागली.
- सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांची बिलं थकू लागली.
- निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत.
- पीएफचा हप्ता उशिरा पडू लागला.
- जागा विकायची किंवा मशिनरी हलवायची कुजबुज सुरू झाली.

यातल्या तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर नवं मोठं कर्ज काढायची घाई करू नये. युनियनच्या बैठकीत जाऊन ताळेबंद मागावा. शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा ताळेबंद सगळ्यांना खुला असतो, मोबाईलवरही मिळतो. विक्री वाढली की घटली, कर्ज किती, कारखाना किती टक्के चालला, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ. ऊसवाला जसा रिकव्हरी आणि एफआरपी विचारतो, तसं कामगाराने हे विचारावं.

कुर्ल्यात आणि डोंबिवली-कल्याणच्या बाजूला प्रीमियरच्या जागांवर आज उंच इमारती आहेत. जमिनीला किंमत आली. ज्यांनी आयुष्य त्या लाईनवर घातलं, त्यांच्या हातात मात्र तेवढंच पडलं जेवढं वेळेत लिहून घेतलं होतं. गावात पुन्हा कधी "पोरगं परमनंट आहे का?" असा प्रश्न आला तर आणखी एक प्रश्न त्याला जोडायला हरकत नाही. त्याची युनियन कंपनीचा ताळेबंद वाचते का?